भाचीसाठी, पुन्हा उडण्याआधी

गेल्या रविवारी लालबागला तुमच्याकडे आलो, तेव्हा तू कपाटाच्या वरच्या फळीवरून लॉगबुक काढून माझ्या पुढ्यात ठेवलंस. पुठ्ठा कोपऱ्यांना सुटलाय, आत कुठेतरी अजून दोन जुने बोर्डिंग पास आहेत. शेवटची नोंद २०१७ ची. निळ्या शाईत तारीख, विमानाची खूण, मुंबई ते कोची आणि परत, खाली तासांची बेरीज. त्याखालच्या ओळी कोऱ्या. बाळंतपण झालं, मग ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, आजारपणात दीड वर्ष परळला टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या झाल्या, ते निस्तरेपर्यंत करोना आला. तू मला एवढंच विचारलंस, "मामा, आता जमेल का रे माझ्याच्यानं?" मी तेव्हा गप्प राहिलो. अशा प्रश्नाला चहाच्या कपावर उत्तर देऊ नये. म्हणून लिहायला बसलो.

जमेल. पण जिथे थांबलीस तिथून पुढे सुरू होईल असं मनात धरू नकोस. हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदच्या दशकात माझी पाठ गेली होती, तुला आठवणार नाही, तू शाळेतही जात नव्हतीस. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि वीस महिने मी गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत आरामखुर्चीवर काढले. मग मेडिकल पास झालो आणि सिम्युलेटरवर बसलो. पहिलं टेक-ऑफ, पहिलं वळण, सगळं हातात होतं. मला वाटलं, अरे, काहीच विसरलो नाही! मग प्रशिक्षकानं शेवटच्या टप्प्यात धावपट्टी ढगात लपवली आणि मी गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं. नाक बरोबर वर उचललं, जोर बरोबर लावला, वेग सुईच्या टोकावर धरला. फक्त "गिअर अप" म्हणायचं राहून गेलं. चाकं खालीच लोंबकळत होती आणि विमान जड का चढतंय याचा मी विचार करत होतो. प्रशिक्षकानं सिम थांबवलं. काही बोलला नाही, नुसतं बोट त्या लिव्हरकडे केलं. तो क्षण मी आजवर विसरलेलो नाही.

हात लवकर परत येतात. विसरतो तो क्रम: कशानंतर काय, कोणी कधी काय म्हणायचं, या क्षणी विमान नेमकं कुठे आहे, पुढच्या दोन मिनिटांत काय येणार. २०१४ मध्ये अमेरिकेत स्टीफन कॅसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ एअरलाइन वैमानिकांना ७४७-४०० च्या सिम्युलेटरवर बसवून हेच तपासलं होतं. हाताचं कसब बऱ्यापैकी टिकून होतं. नकाशाच्या पडद्याशिवाय आपण कुठे आहोत याचं भान ठेवणं, पुढचं पाऊल ठरवणं, एखादं उपकरण खोटं दाखवतंय हे ओळखणं, इथे मात्र माणसं अडखळली. आणि ते सगळे नियमित उडणारे वैमानिक होते. तुझ्या तर मध्ये आठ-नऊ वर्षं गेली आहेत. करोनानंतर विमानं पुन्हा उडू लागली तेव्हाही अमेरिकेत कित्येक वैमानिकांनी नासाच्या गोपनीय नोंदपद्धतीत स्वतःहून लिहून दिलं, की सराव तुटल्यामुळे हातून चुका होताहेत. लिहून देणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

तेव्हा सगळ्यात आधी कॉकपिटचं पोस्टर आण. ए३२० चं, खऱ्या मापाचं. तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यासमोरची भिंत रिकामी आहे, तिथे लाव. वरचं पॅनेल छताच्या बाजूला, मधलं खाली. रोज पहाटे मुलगा उठायच्या आत अर्धा तास त्याच्यासमोर खुर्ची टाकून बस. डोळे जातील तिथे हात गेला पाहिजे, हात जाईल तिथे तोंडातून शब्द निघाला पाहिजे. मनात म्हणून चालत नाही, मोठ्यानं म्हण. इंजिनला आग, केबिनमधला दाब जाणं, टेक-ऑफ रद्द करणं, यांतली पाठ असायला हवीत ती पावलं तुला झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजेत. माझी आई मला पाढे असेच म्हणायला लावायची, आणि त्या आरामखुर्चीवरून उठल्यावर मी तिच्यासमोर उभा राहून कॉल-आऊट, म्हणजे कॉकपिटमध्ये मोठ्यानं म्हणायचे ठरलेले शब्द, म्हणायचो. तिला एक अक्षर कळत नव्हतं. पण मी कुठे अडखळलो ते तिला बरोबर कळायचं, कारण आवाज बदलायचा. तुझ्या नवऱ्याला किंवा ताईला समोर बसव. अडखळलीस की त्यांनी टेबलावर टिचकी मारायची, बस.

जुनी पुस्तकं मात्र बाजूला ठेव. २०१७ च्या तुझ्या वह्यांत लिहिलेला प्रत्येक आकडा, प्रत्येक कॉल-आऊट आज तोच असेल असं नाही. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते आणि ती बदलत राहते. तू उडायचीस तेव्हा निओ इंजिनं नुकती येत होती, आता तीच नित्याची झाली. कागदी चार्ट गेले, सगळं टॅबवर आलं. उपग्रहाचा संकेत कोणी मुद्दाम बिघडवतं, खोटी जागा दाखवतं, हा त्रास तुझ्या वेळी बोलण्यातही नव्हता, आता दिल्लीच्या परिसरातही त्याच्या तक्रारी झाल्या आहेत. नव्या कंपनीत शिरलीस की तिथली पद्धत कोऱ्या पाटीवर लिही. "आमच्याकडे असं करायचे" हे वाक्य सिममध्ये एकदाही तोंडातून येऊ देऊ नकोस. माझ्या तोंडून ते दोनदा आलं होतं, दुसऱ्यांदा आलं तेव्हा शेजारच्या पोराचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

आता कागदपत्रं. यात तू घाई करशील हे मला माहीत आहे, म्हणून जरा खडसावून सांगतो. दलालाकडे जाऊ नकोस. डीजीसीएचं, म्हणजे हवाई वाहतूक महासंचालनालयाचं, सगळं काम आता ई-जीसीए या संकेतस्थळावर होतं, लॉगबुकसुद्धा. तुझे जुने तास तिथे चढवायचे तर जुन्या कंपनीच्या सह्या-शिक्के लागतील, आणि अशी कागदपत्रं मिळायला महिने लागतात. ते काम आज सुरू कर, बाकी सगळं थांबलं तरी चालेल. लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, रेडिओचा परवाना, इंग्रजीची पातळी, यातलं प्रत्येक कधी संपलं याचा एक तक्ता कर. इंग्रजीची चौथी पातळी ३ वर्षं टिकते, पाचवी ६ वर्षं, सहावी कायमची. तुझी पाचवी होती, म्हणजे ती गेली. कुठलं रेटिंग किती खंडानंतर कसं जिवंत करायचं, हे मला किंवा कुठल्या ओळखीच्या कॅप्टनला न विचारता डीजीसीएच्या चालू नियमावलीतून स्वतः वाचून काढ. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ चा जुना एअरक्राफ्ट कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला आहे, आमच्या पिढीच्या तोंडी असलेले नियम आता पुरत नाहीत. वाचलेल्या कलमाची प्रत फाइलला लाव. खिडकीवरच्या माणसाला तुला सांगता आलं पाहिजे, की हे इथे लिहिलंय.

आणि एक गोष्ट, पैशाची. नोकरीचं पत्र हातात पडल्याशिवाय स्वतःच्या खिशातून टाइप रेटिंगवर, म्हणजे ठरावीक विमान उडवायच्या पात्रतेवर, एक रुपया घालू नकोस. आधी रेटिंग घे, मग आम्ही लावून देतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं परळची वडिलांची खोली गहाण टाकून पैसे भरले होते. रेटिंग झालं, नोकरी आली नाही, आणि रेटिंगचा सराव तुटत गेला. त्याच्या आईनं मला दारात उभं राहून जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कंपनी निवडताना पगाराआधी ती किती वर्षं टिकेल ते बघ. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दर वेळी मुंबईतली शेकडो घरं एका रात्रीत रोस्टरवाचून राहिली. करारातला बाँड आणि नोटिशीची कलमं दोनदा वाच. २०१७ च्या डीजीसीएच्या नियमानं कमांडरला वर्षभराची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तू तेव्हा बाहेर पडत होतीस म्हणून कदाचित लक्षात नसेल.

मेडिकलचं म्हणशील, तर शिवाजी पार्कला यायला लाग. सकाळी मी असतोच. रोज चार फेऱ्या, आणि पावसातही. साखर, रक्तदाब, डोळे, कान, ईसीजी, सगळं आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे आधी तपासून घे. इतक्या खंडानंतर तपासणी नव्या उमेदवारासारखी बारकाईनं होते. बंगळूरची एरोस्पेस मेडिसिनची संस्था असो की दिल्लीत सुब्रतो पार्कचं हवाई दलाचं केंद्र, तिथे काही लपवायचं नाही. बाळंतपणात साखर वाढली होती ते सांग, थायरॉइडची गोळी सांग, करोनानंतर महिनाभर जो दम लागायचा तोही सांग. मी माझी पाठ दुखते हे दोन महिने लपवलं होतं, आणि म्हणूनच दोन महिन्यांचं दुखणं वीस महिन्यांवर गेलं. सांगितलेल्या आजारावर बहुतेक वेळा मार्ग निघतो.

तुला सर्दी झाली की तू दादरच्या त्या होमिओपॅथीच्या दुकानातून थेंब आणतेस. आता ते बंद. बऱ्याच थेंबांत अल्कोहोल असतं. माउथवॉशमध्येही असतं, आणि डीजीसीएनं २०२३ मध्ये तेही वैमानिकांना मना केलं आहे. ड्युटीआधी दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायची असते. पहिल्यांदा यंत्रानं दाखवलं तर ३ महिने घरी, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्सच जातं. कुठलंही औषध घेण्याआधी कंपनीच्या डॉक्टरला विचारायचं.

मनाचं सांगतो, आणि हे सगळ्यात अवघड आहे. तू परत जाशील ती उजव्या सीटवर, आणि डावीकडे कदाचित तुझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान कॅप्टन बसलेला असेल. तू उडत होतीस तेव्हा तो फ्लाइंग क्लबात पहिलं सोलो करत असेल. सीनिऑरिटी रुजू झाल्या दिवसापासून मोजली जाते, तुझ्या बरोबरीच्या मैत्रिणी कमांडवर आहेत, त्यांच्या रोस्टरखाली तुझं नाव येईल. त्याचं वाईट वाटेल. वाटू दे, पण घरी. कॉकपिटमध्ये त्या मुलाला "सर" म्हणायला जीभ जड होता कामा नये, आणि तो चुकतोय असं दिसलं तर मोठ्यानं बोलायलाही.

या दुसऱ्या गोष्टीसाठी तुला एक नाव सांगतो. कॅप्टन दीपक साठे. नागपूरचं मराठी घर, हवाई दलाच्या अकादमीत सन्मानाची तलवार मिळवलेला माणूस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलात असताना त्यांना मोठा अपघात झाला, डोक्याला जबर इजा झाली, सहा महिने ते रुग्णालयात होते. पुन्हा उडतील असं कोणालाच वाटत नव्हतं, असं त्यांच्या नातेवाइकांनी सांगितलं आहे. ते उडाले, पुढे विमान कंपनीतही आले आणि वर्षानुवर्षं प्रवाशांना घरी पोचवत राहिले. माझी पाठ गेली होती तेव्हा मला त्यांची गोष्ट ठाऊक असती तर ते दिवस हलके गेले असते. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री दुबईहून आलेलं त्यांचं विमान कोझिकोडच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पावसात पुढे घसरलं, आणि ते, त्यांचा साथीदार आणि १९ प्रवासी गेले. त्या अपघाताचा अहवाल २०२१ मध्ये आला. तो तू पूर्ण वाच, त्यांच्याबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून वाच. विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं होतं आणि साथीदारानं "गो-अराउंड" म्हटलं होतं, हे त्यात लिहिलं आहे. उजव्या सीटवरून येणारा तो शब्द किती मोलाचा असतो, हे तुला त्या अहवालाइतकं दुसरं काही शिकवणार नाही. तू म्हणशील तेव्हा ऐकू जाईल असं म्हण. आणि उद्या तू डाव्या सीटवर बसशील, तेव्हा उजवीकडून तो शब्द आला की हात आधी थ्रस्ट लिव्हरवर गेला पाहिजे, विचार नंतर.

सौदामिनी देशमुखांचं नाव तुझ्या आईनं तुझ्या लहानपणी तुला शंभरदा सांगितलंय. १९८५ मध्ये त्यांनी आणि निवेदिता भसीन यांनी फोकर फ्रेंडशिप कोलकात्याहून सिल्चरला नेलं, कॉकपिटमध्ये दोघीही बायका, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. आज आपल्या देशातल्या वैमानिकांत साधारण १५ टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. म्हणजे बाळंतपणानंतर परतणारी तू पहिली नाहीस. प्रत्येक कंपनीत अशी एखादी सापडेल. तिला शोध, तिच्याशी एक दुपार बोल. मला जे कळत नाही ते ती तुला सांगेल: दूध पाजणाऱ्या आईनं रात्रीची ड्युटी कशी केली, मुलाला ताप असताना विमान कसं नेलं, आणि कधी नेलं नाही.

घराचं वेळापत्रक आत्ताच ठरव. लालबागला राहून विमानतळ गाठायचा म्हणजे काय, ते मी माझ्या गिरगावच्या दिवसांवरून जाणतो. तेव्हा चर्नी रोडवरून पहिली लोकल पकडून मी जुहूच्या फ्लाइंग क्लबात पुष्पक विमानावर शिकायला जायचो, त्याच जुहूला जिथे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. आता गिरगाव आणि दादरहून भुयारी मेट्रो थेट विमानतळाच्या टी-टूला जाते, पण ती सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होते आणि तुझं रिपोर्टिंग चारचं असणार. कंपनीची गाडी कुठपर्यंत येते ते करारातच विचार. नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून चालू झाला आहे. बेस तिकडचा मिळाला तर नाक मुरडू नकोस, शिवडीहून अटल सेतूनं तुला तो पहाटे अवघड जाणार नाही.

गणपतीचे दहा दिवस वेगळे धर. तुमच्या खिडकीखाली रात्रभर ढोल, रांग, भोंगे. आंबेडकर रोडची वाहतूक वळवलेली. त्या गर्दीत आपलं अख्खं बालपण गेलंय, मला त्याचा आवाज आजही आवडतो. पण त्या आवाजात झोप लागत नाही, आणि झोप नसलेल्या माणसानं विमानाला हात लावू नये. त्या दहा दिवसांत ड्युटीच्या आदल्या रात्री विलेपार्ल्याला माझ्या धाकट्या भावाकडे जाऊन राहा, त्याला मी सांगून ठेवलंय. विसर्जनाच्या दिवशी रजा माग, महिनाभर आधी. २०२५ पासून आठवड्याला ३६ ऐवजी सलग ४८ तासांची विश्रांती नियमानं मिळते. ती पाहुण्यांच्या सरबराईत घालवू नकोस. आणि थकवा असेल तर फोन उचलून "मी आज उडू शकत नाही" असं म्हण. तो फोन करायला जे धैर्य लागतं ते लँडिंगपेक्षा जास्त आहे, मला ठाऊक आहे. मी दोनदा केला, आणखी तीनदा करायला हवा होता.

सिममध्ये पहिल्या दिवशी रडू येईल. येऊ दे. पहिल्या चेकला नापास झालीस तरी ते जगाचा शेवट नाही, माझ्या बरोबरचे दोन उत्तम कॅप्टन परतताना पहिल्या चेकला राहिले होते. संध्याकाळी वहीत लिहून काढ: कुठे क्रम तुटला, आधी काय झालं होतं, मन कुठे होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पोस्टरसमोर तोच प्रसंग दहा वेळा. लाइनवर आलीस की ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग हा कायद्याचा किमान आकडा आहे. तुला सुरुवातीला त्यापेक्षा पुष्कळ जास्त हवीत, म्हणून पहिलं वर्ष छोट्या मार्गांचं रोस्टर माग. मुंबई-पुणे-गोवा-नागपूर. रोज चार वेळा उतरशील तेव्हा क्रम अंगात भिनेल. आंतरराष्ट्रीय मार्गांचा मोह नंतर.

लेकाला सांगून टाक, की आई आता काही रात्री घरी नसेल. त्याला आठ वर्षं झालीत, त्याला कळतं. मी त्याला एकदा जुहूच्या कुंपणापाशी नेऊन छोटी विमानं दाखवतो.

येत्या रविवारी सकाळी सातला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ये. लॉगबुक आणि लायसन्सची फाइल घेऊन ये. पोस्टर मी घेऊन ठेवलंय.